तीन जिल्ह्यांचा दगड कुठे असतो?

एक सोपा प्रश्न. हरिश्चंद्रगड कोणत्या जिल्ह्यात आहे?

हा प्रश्न मी मेसमध्ये जेवताना विचारून पाहिला. जुन्नरची मैत्रीण म्हणाली, "पुणे, अजून कुठे? खिरेश्वर आमच्या तालुक्यात आहे." राजूरकडची उसळून म्हणाली, "गड अकोले तालुक्यातला आहे. पाचनईवरून चढ, मग बोल." मुरबाडची शांतपणे म्हणाली, "कोकणकडा कोणाचा, ते नावातच लिहिलंय." त्यानंतर आमटी थंड झाली, पण भांडण काही मिटलं नाही.

खरं उत्तर असं आहे. गडाचं पठार आणि वरची देवळं अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात येतात (2024 पर्यंत त्याचं नाव अहमदनगर होतं). दक्षिणेचा पायथा खिरेश्वर हा जुन्नर तालुका, पुणे जिल्हा. आणि कोकणकड्याखालचं बेलपाडा हा मुरबाड तालुका, ठाणे जिल्हा. तिन्ही जिल्ह्यांच्या हद्दी या डोंगरात एकमेकींना भेटतात. अशी भेटीची जागा शोधत डोंगर चढणं हा एक वेगळाच छंद आहे. इंग्लंड-अमेरिकेत लोक काउंट्यांच्या हद्दीचे दगड शोधत फिरतात. आपल्याकडे सह्याद्री आहे, 36 जिल्हे आहेत आणि सबमिशन संपल्यावरचे शनिवार-रविवार आहेत. मग आपण का नाही?

या लेखात अशी जागा कशी शोधायची ते बघू. सिव्हिलवाल्यांना सर्व्हेइंगचा तास आठवेल. बाकीच्यांनी घाबरू नये, गणित दहावीच्या पलीकडचं नाही.

शीव म्हणजे काय?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे 'बाउंड्री' शब्द दोनदाच भेटला, एकदा भूगोलात आणि एकदा क्रिकेटमध्ये. 'शीव' हा शब्द आजोबांकडून कळला. गावाची हद्द जिथे संपते ती शीव. मुंबईचं शीव स्टेशन, ज्याला इंग्रजीत सायन म्हणतात, तेही यातूनच आलं. जुनं मुंबई बेट तिथे संपायचं आणि पुढे साष्टी सुरू व्हायची. दसऱ्याला आपण सोनं लुटायला जातो ते सीमोल्लंघन म्हणजेही शीव ओलांडणंच. म्हणजे कलेक्टर कचेरी येण्याच्या कितीतरी आधीपासून शीव आपल्या बोलण्यात आहे.

जिल्ह्याची हद्द म्हणजे काही वेगळी रेघ नसते. गावाच्या शिवा जोडत गेलं की तालुका होतो, तालुके जोडले की जिल्हा. म्हणून जिथे तीन जिल्हे भेटतात तिथे मुळात तीन गावांच्या शिवा भेटत असतात. शोध घ्यायचा तो तिथून.

या शोधात आपल्याला तीन साक्षीदार मिळतात: पाणी, दगड आणि नकाशा. एकेकाची साक्ष घेऊ.

पहिला साक्षीदार: पाणी

आम्ही चौघी डिसेंबरमध्ये खुबी फाट्यावर उतरून खिरेश्वरला गेलो. गावात एक म्हातारे बाबा ओट्यावर बसले होते. आम्ही विचारलं, "बाबा, तिन्ही जिल्ह्यांचा दगड कुठे आहे हो?"

बाबा हसले. म्हणाले, "दगडाचं काय घिऊन बसलात पोरींनो? पाऊस पडल्यावर पाणी कुठं पळतं ते बघा. हिकडं पळालं तर जुन्नर, तिकडं पळालं तर अकोलं, आन् कड्यावरून पडलं तर ठाणं."

सर्व्हेइंगच्या पुस्तकात ज्याला जलविभाजक म्हणतात तो बाबांनी तीन वाक्यांत शिकवला. डोंगराची धार पाण्याची वाटणी करते आणि जुन्या लोकांनी हद्दही बरीचशी त्याच धारेवरून नेली. हरिश्चंद्रगडावर ही वाटणी फार सुंदर दिसते. अकोल्याच्या बाजूचं पाणी मुळा नदीत जातं, मुळेतून प्रवरेत आणि प्रवरेतून गोदावरीत. जुन्नरच्या बाजूचं पाणी कुकडी, घोड, भीमा असं करत कृष्णेत. आणि कोकणकड्यावरून पडलेलं पाणी काळू नदीतून उल्हास नदीकडे, म्हणजे शेवटी अरबी समुद्रात. पावसाचे तीन थेंब दोन-दोन फुटांवर पडले, तर एक गोदावरीचा, एक कृष्णेचा आणि एक कल्याणच्या खाडीचा होतो. पहिले दोघे पूर्ण दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात जातात. तिसरा मात्र दोन-चार दिवसांत घरी.

नकाशावर ही धार ओळखायची युक्ती सोपी आहे. समोच्च रेषा, म्हणजे कंटूर, जिथे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वळतात तिथे बघा. व्हीचं टोक चढाकडे असेल तर ती घळ किंवा ओढा. टोक उताराकडे असेल तर ती धार किंवा सोंड. तीन धारा जिथे एकत्र येतात तिथे पेन्सिलने गोल करा. तुमचा शोध त्या गोलात आहे.

पण पाण्याची साक्ष सगळीकडे चालत नाही. हीच पुणे-अहिल्यानगर हद्द पुढे पूर्वेला सपाटीवर उतरते तेव्हा काही ठिकाणी घोड नदीच हद्द होते आणि पुढे भीमा. डोंगरात पाणी वाटणारी धार म्हणजे हद्द, आणि सपाटीवर खुद्द पाणीच हद्द. शिवाय नदी पात्र बदलते. माळरानावर तर धारही नसते आणि नदीही नसते. तिथे दगडच लागतो.

दुसरा साक्षीदार: दगड

ट्रेकला जाताना आपल्याला नाना तऱ्हेचे दगड दिसतात. सगळेच हद्दीचे नसतात. म्हणून थोडी ओळख करून घेऊ.

एक, शिवेचा दगड. हा गावाच्या हद्दीवर पुरलेला असतो. बऱ्याचदा त्याला शेंदूर लागलेला असतो आणि तो म्हसोबा किंवा वेताळ झालेला असतो. देव झाला की त्याला कोणी हलवत नाही, ही गावाची इंजिनिअरिंग अक्कल म्हणायची. खिरेश्वरहून गडावर जाताना टोलार खिंडीत वाघाचं शिल्प लागतं. खिंड म्हणजे एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचा दरवाजा, आणि दरवाजावर राखणदार हवाच.

दोन, शेताच्या मोजणीचा दगड. मुंबई इलाख्यातली जमीन मोजणीची पद्धत 1835 च्या सुमाराला पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी बसवली. मोजणीची साखळी 33 फुटांची होती आणि तिचे 16 भाग, एकेका भागाला नाव 'आणा'. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा! असे 40 गुंठे म्हणजे एक एकर, 43,560 चौरस फूट. आपला गुंठा असा साखळीतून आलेला आहे.

तीन, वनविभागाचा बुरूज. दगड रचून केलेला, कधी चुना लावलेला, कधी क्रमांक घातलेला. हा जंगलाची हद्द सांगतो. ती जिल्ह्याच्या हद्दीवरून जाईलच असं नाही.

चार, सर्व्हे ऑफ इंडियाचं त्रिकोणमितीचं ठाणं. उंच माथ्यावर खडकात कोरलेलं वर्तुळ आणि मधे टिंब. नकाशावर ते त्रिकोणाने दाखवतात. 1802 साली लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून जी प्रचंड मोजणी सुरू केली, तिचे वारसदार म्हणजे असे बिंदू. याचा हद्दीशी संबंध नाही, पण तुमची जागा तपासायला हा फार कामाचा.

पाच, गद्धेगाळ. वर चंद्र-सूर्य, मधे लेख आणि खाली गाढवाचं शिल्प असलेला शिलाहारांच्या काळापासूनचा दगड. हा खरं म्हणजे दान दिलेल्या जमिनीचा दगड. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान टिकेल, आणि मोडेल त्याला ती गाढवाची शिवी! आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डवर अशी काही सोय असती तर नोटिसा कोणी फाडल्या नसत्या.

तिसरा साक्षीदार: नकाशा

आता वही-पेन्सिल घ्या. हरिश्चंद्रगड साधारण 19 अंश 23 मिनिटे उत्तर आणि 73 अंश 46 मिनिटे पूर्व इथे आहे. त्याची टोपोशीट कोणती?

जुन्या पद्धतीत भारताचे 4 अंश गुणिले 4 अंशांचे तुकडे केले आहेत. 16 ते 20 उत्तर आणि 72 ते 76 पूर्व या तुकड्याचा क्रमांक 47. त्याचे एकेक अंशाचे 16 भाग, ए पासून पी पर्यंत. मोजायचं वायव्य कोपऱ्यातून सरळ खाली, मग पुढचा उभा रकाना. पहिल्या रकान्यात ए, बी, सी, डी. दुसरा रकाना 73 ते 74 अंशांचा, त्यात सगळ्यात वर ई, म्हणजे 19 ते 20 उत्तर. आपला गड ई मध्ये. आता ई चे पुन्हा 15 मिनिटांचे 16 भाग, तसेच वरून खाली. 73 अंश 45 मिनिटांच्या पुढचा रकाना चौथा, म्हणजे 13 ते 16. वरून तिसरी ओळ 19 अंश 15 मिनिटे ते 30 मिनिटे. उत्तर: 47 ई/15. जमलं ना? आता आपापल्या गावाची शीट काढून बघा.

ही शीट 1:50,000 प्रमाणाची असते. नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 500 मीटर. आता गंमत बघा. हद्दीची छापलेली रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तरी ती जमिनीवर 25 मीटर रुंद होते! म्हणजे नुसत्या रेघेच्या जाडीत आपलं बास्केटबॉलचं कोर्ट आडवं मावेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जुन्या शीट 'एव्हरेस्ट' आधारावर काढलेल्या आहेत, म्हणजे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी 1830 साली मांडलेला पृथ्वीचा आकार. मोबाईलमधलं जीपीएस मात्र 'डब्ल्यूजीएस 84' हा आकार धरतं. एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्हींत वेगळे येतात. आपल्या भागात हा फरक शंभर मीटरच्या आसपास जातो. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी ज्या नव्या 'ओपन सिरीज' शीट निघाल्या त्या डब्ल्यूजीएस 84 वरच आहेत. म्हणून शीट हातात आली की आधी समासात आधार कोणता ते वाचायचं, मग डोंगराकडे बघायचं.

आता हिशोब. आधारातला फरक शंभर, रेघेची जाडी पंचवीस आणि कड्यापाशी मोबाईलला अर्धंच आकाश दिसतं म्हणून आणखी थोडे मीटर. धरा 150 मीटर त्रिज्या. वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे 70,700 चौरस मीटर, म्हणजे सात हेक्टर, साडेसतरा एकर. जुनी शीट आणि नवा मोबाईल घेऊन आधार न तपासता गेलात, तर तुम्ही एक दगड साडेसतरा एकरांत शोधताय. आधार जुळवून घेतलात आणि त्रिज्या 40 मीटरवर आली, तर फक्त सव्वा एकर. अभ्यास करून जाण्याचा फायदा हा असा आकड्यांत मोजता येतो.

साक्षी जुळल्या नाहीत तर?

इथे खरा धडा आहे. पाणी एक सांगतं, दगड दुसरं, नकाशा तिसरं. मग खरं कोणाचं?

अमेरिकेत चार राज्यं एका बिंदूत भेटतात, त्याला 'फोर कॉर्नर्स' म्हणतात. 1875 साली तिथे खूण रोवली गेली. आजच्या उपकरणांनी बघितलं तर कागदावर अपेक्षित होती त्या जागेपासून ती सुमारे 1800 फूट पूर्वेला आहे. तरी कोणी ती उपटून नीट जागी लावली नाही. कारण कायद्याने एकदा मान्य झालेली जमिनीवरची मूळ खूण हीच हद्द धरली जाते, लोक पिढ्यान्‌पिढ्या तिच्या भरवशावर राहिलेले असतात. इंग्लंडमध्ये रायनोज खिंडीत 'थ्री शायर स्टोन' आहे, लँकाशायर, कंबरलंड आणि वेस्टमोरलंड जिथे भेटायचे तिथला. त्यावर 1816 साल कोरलेलं आहे. 1974 साली तिन्ही बाजू कंब्रिया या एकाच काउंटीत गेल्या. हद्द गेली, दगड राहिला. 2023 साली कंब्रियाचेही दोन भाग झाले. दगड आपला जागच्या जागी.

आपल्याकडेही तेच. 1960 साली महाराष्ट्रात 26 जिल्हे होते. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला तेव्हा 36 झाले. मोखाडा आणि शहापूर या तालुक्यांमधली शीव त्या दिवशी जिल्ह्याची हद्द झाली, आणि जिथे ती नाशिकला भिडते तिथे तीन जिल्ह्यांची नवी भेट तयार झाली. डोंगर एक इंचही हलला नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगते. आमच्या गावी आजोबा आणि चुलत आजोबा यांचं सतरा वर्षं बोलणं बंद होतं. कारण बांधाचा एक दगड. दर नांगरणीला बांध थोडा थोडा सरकत गेला आणि दगड दिसेनासा झाला. बांध दहा साखळ्या, म्हणजे 330 फूट लांब. फक्त एक फूट सरकला तर 330 चौरस फूट गेले. गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, आपल्या होस्टेलच्या जेमतेम तीन खोल्या. एवढ्यासाठी दोन घरांतली लग्नं एकमेकांशिवाय झाली. शेवटी हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. भूकरमापक साहेब आले, त्यांनी जुने अभिलेख बघितले, मोजलं आणि एका जागी खणायला सांगितलं. हातभर खोल जुना दगड निघाला. तो दोघांच्याही दाव्याच्या बरोबर मधे होता. आजोबा काही बोलले नाहीत. त्या दिवाळीला मात्र दोन्ही घरांतून फराळाची ताटं गेली.

म्हणून मला वाटतं, हद्दीचा दगड हा वस्तू म्हणून दोन रुपयांचा असेल, पण त्याच्यावर माणसांचा शब्द ठेवलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये सीमा आणि सीमाचिन्हांसाठी वेगळं प्रकरणच आहे. खुणा जपायची जबाबदारी जमीनधारकावर आहे आणि खूण मुद्दाम हलवणं, मोडणं हा दंडाला पात्र गुन्हा आहे.

प्रत्यक्ष जाताना

आम्हाला वर कोरीव अक्षरांचा दगड दिसला नाही. आम्हाला सापडला तो वनविभागाचा एक बुरूज, आणि थोड्या अंतरावर ती जागा जिथून जमीन तीन बाजूंना उतरते. बाबांचं बोलणं तिथे उभं राहिल्यावर पटलं. तुम्ही जाल तेव्हा एवढं करा:

1. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. पावसाळ्यात धुक्यात कडा दिसत नाही, आणि धार शोधायला गेलेल्याला कडा न दिसणं म्हणजे काय ते सांगायला नको.

2. गावातला वाटाड्या घ्या. त्यांना काका, बाबा म्हणा, ठरलेले पैसे द्या आणि त्यांचं ऐका. कोकणकड्याच्या टोकाशी उभ्याने जाऊ नका.

3. अकोल्याच्या बाजूला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, 1986 सालापासून. हद्द ओलांडली की नियम बदलतो. आत काही तोडायचं नाही, आतलं काही आणायचं नाही.

4. दगड सापडला तर फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. अक्षांश-रेखांश लिहा आणि पुढे आधाराचं नाव लिहा. होकायंत्राने ओळखीच्या तीन माथ्यांचे कोन घ्या. हवा स्वच्छ असेल तर जीवधन आणि नाणेघाटाचा अंगठा चुकत नाही. हीच रिसेक्शनची पद्धत, बॅटरी संपली तरी चालते.

5. रंग लावायचा नाही, नावं कोरायची नाहीत, दगड नीट करायचा नाही. वाकडा असेल तर वाकडाच राहू दे.

6. निघताना रेक्टर मॅडमना आणि पायथ्याच्या गावात सांगून जा. अपघात झाला तर 112 ला फोन करा. तक्रार नोंदवायला हद्दीचा घोळ घालायची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते, पुढे ती योग्य ठाण्याकडे जाते.

शेवटी एवढंच. उद्या आपल्यापैकी कोणी रस्ता आखेल, कोणी धरण, कोणी मोजणीचं सॉफ्टवेअर लिहील. आपल्या स्क्रीनवर ओढलेली एक रेघ कोणाच्या तरी बांधावरून जाणार आहे. ती ओढण्याआधी एकदा जागेवर जाऊन यावं, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं, पाणी कुठे पळतं ते बघावं आणि जुना दगड असेल तर त्याला हात न लावता नमस्कार करावा. एवढं जमलं तर मार्क कमी पडले तरी चालतील, आपण बऱ्यापैकी इंजिनिअर होऊ.